मार्बलच्या जिन्यावर एपॉक्सी कोटिंग करावं का?

पूर्णाकाठ
नमस्कार मंडळी. परभणीत आमचं घर आहे, २००४ सालचं बांधकाम. जिना पांढऱ्या मार्बलचा. तळमजल्यावरून वर जाणाऱ्या १८ पायऱ्या घराच्या आत आहेत. तिथून गच्चीकडे जाणारा जिना उघडा आहे, पश्चिमेचं ऊन थेट अंगावर घेणारा.

सध्याची अवस्था अशी: पायऱ्या मधोमध झिजल्यात, चमक गेलीय, खालच्या चार-पाच पायऱ्यांवर पिवळट डाग चढलेत आणि दोन पायऱ्यांना बारीक चीर आहे. एका कोटिंगवाल्याने येऊन पाहिलं आणि सांगितलं, 'वरून एपॉक्सी मारून देतो, काचेची चमक येईल, डाग झाकले जातील, चिरा बुजतील. दोन दिवसांचं काम.' (एपॉक्सी म्हणजे वरून लावायचा, वाळून प्लॅस्टिकसारखा घट्ट होणारा थर.) आतला-बाहेरचा दोन्ही जिने एकाच भावात.

माझी खरी काळजी आईची आहे. वय ७४. उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळवायला गच्चीवर तिची ये-जा चालू असते, कितीही सांगितलं तरी. मागच्या पावसाळ्यात बाहेरच्या पायरीवर पाय सरकला, कठडा हाती लागला म्हणून निभावलं. डिसेंबरात घरी लग्न आहे, तेव्हा त्याआधी जिन्याचं काहीतरी करायचंच आहे. एपॉक्सी करावं का? कुणी केलंय का?

औसा_नाका
बाहेरच्या जिन्यावर अजिबात नको. आतल्याचं जाणकार सांगतील.

मोंढा_रोड
आम्ही केलंय, आणि आम्ही समाधानी आहोत. जालन्याला आमच्या दवाखान्याचा जिना मार्बलचा आहे, पूर्ण आत, ऊन कुठूनच येत नाही. दिवसभर पेशंटची वर्दळ. आधी फरशीवर औषधांचे, चहाचे डाग पडायचे आणि पुसून निघायचे नाहीत. आता ओल्या फडक्याने निघतात. काम करणाऱ्याने घाई केली नाही. आधी मार्बल घासून खरबरीत केला, मग प्रायमर, मग दोन हात, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला बारीक दाणे पेरून पट्टी केली. त्या पट्टीमुळे पाय धरतो. एपॉक्सी म्हटलं की लोक लगेच नाक मुरडतात, पण नीट केलेलं काम टिकतं.

निळीशाई
मोंढा_रोड, तुमचा जिना आत आहे हे फार महत्त्वाचं. आमच्या बीडच्या घराच्या पोर्चसमोर पाच पायऱ्या, उघड्यावरच्या. एका कंत्राटदाराकडून कोटिंग करून घेतलं होतं. त्याने मार्बल घासला नाही, फक्त थिनरने पुसून वर ओतलं. पहिला उन्हाळा संपेपर्यंत पांढऱ्या पायऱ्या फिकट हळदीच्या रंगावर आल्या. पुढच्या पावसात कडेला फुगे दिसायला लागले. नखाने कड उचलली तर दुधावरच्या सायीसारखा अख्खा पापुद्रा हातात आला. त्याच्या मागच्या बाजूला पांढरं पीठ चिकटलेलं आणि खालचा दगड ओला. काढताना तर आणखी हाल. अर्धं कोटिंग सहज निघतं आणि अर्धं काही केल्या निघत नाही. शेवटी सगळं ग्राइंडरने घासूनच काढावं लागलं. धूळ आठवडाभर घरात.

गंगाखेडी
पूर्णाकाठ दादा, आईला कुरडया खालीच अंगणात वाळवायला लावा, निम्मा प्रश्न तिथंच मिटतो :)
बाकी खरं सांगू का, आमच्या गावाकडच्या वाड्याला काळ्या दगडाच्या पायऱ्या हैत, टाकी लावून खरखरीत केलेल्या. पणजोबापासून लोक चढू उतरू लालेत. पाऊस असो का शेवाळ, कुणी घसरलेलं ऐकलं नाही. ह्या मार्बलचं खूळ आलं तवापासून घसरापडी सुरू झाली.

पूर्णाकाठ
@गंगाखेडी, अंगणात वाळवण टाकलं की शेजारच्या मांजरी येतात, असं तिचं म्हणणं. तो वाद मी कधीच हरलोय!
@निळीशाई, घाबरवलंत. पण ऊन लागून पिवळं का पडतं? कोटिंगवाला म्हणतो की त्याचा माल 'यूव्ही प्रूफ' आहे.

प्रयोगवही
मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

एपॉक्सी म्हणजे दोन भाग, रेझिन आणि हार्डनर. दोन्ही एकत्र आले की त्यांच्यात रासायनिक जोड तयार होतात आणि द्रवाचं घट्ट प्लॅस्टिक होतं. नेहमीच्या रेझिनच्या रेणूत बेन्झीनची कडी असतात आणि ती सूर्यप्रकाशातले अतिनील (यूव्ही) किरण शोषून घेतात. त्यातून रेणू तुटतात, रंग पिवळा पडतो, पुढे वरचा थर खडूसारखा भुकटी सोडायला लागतो. यूव्ही स्टॅबिलायझर घातलं तर हे लांबतं, थांबत नाही. करड्या किंवा हिरव्या कोटिंगमध्ये लोकांच्या लक्षात येत नाही. पांढऱ्या मार्बलवरच्या पारदर्शक थरात मात्र काहीच लपत नाही. उघड्यावर करायचंच असेल तर एपॉक्सीच्या वर अॅलिफॅटिक पॉलियुरेथेनचा, म्हणजे उन्हाला टिकणाऱ्या वेगळ्या लेपाचा, थर लागतो. 'यूव्ही प्रूफ' म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की वरचा शेवटचा हात कशाचा आहे. उत्तर 'एपॉक्सीचाच' असं आलं तर बाहेरच्या जिन्याचा विषय बंद करा.

दुसरी गोष्ट उष्णतेची. साध्या तापमानाला घट्ट होणारी बरीच एपॉक्सी ५० ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतात. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४२-४३ अंश. पश्चिमेच्या उन्हातला दगड हवेपेक्षा पुष्कळ जास्त तापतो. पांढरा मार्बल काळ्या दगडाइतका तापत नाही हे खरं, पण दुपारी चारला त्यावर लोखंडी खाट ओढली तर वळ उमटू शकतात.

आणि हवामान. उन्हाळ्यात दर दहा अंशांना मिश्रणाचा हाताळण्याचा वेळ साधारण निम्म्यावर येतो. २५ अंशांना ४० मिनिटं मिळत असतील तर ३५ ला वीसच. पावसाळ्यात उलटी अडचण. हवेतला ओलावा हार्डनरशी जुळून वर तेलकट, चिकट पापुद्रा धरतो. तो कोमट पाण्याने घासून काढल्याशिवाय पुढचा हात चिकटत नाही. आपल्याकडे हे काम करायचा खरा काळ म्हणजे दिवाळीनंतर ते फेब्रुवारी.

औसा_नाका
सर, हे 'दिवाळीनंतर' फार पटलं. आमच्याकडे रंगकाम असो का फरशीकाम, सगळे दिवाळीच्या तोंडावर पळापळ करतात, तेव्हा भिंती पावसाने ओल्याच असतात.

घिसाईवाला_नांदेड
मी मार्बल-ग्रॅनाइटची घिसाई आणि पॉलिशचं काम करतो. वडिलांपासूनचा धंदा आहे. एपॉक्सीचीही कामं करतो, त्यामुळं माझा त्याला विरोध नाही. पण जिन्याचं काम फरशीपेक्षा वेगळं असतं, हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही.

मार्बल पॉलिश केलेला असतो, तुळतुळीत. त्यावर काहीच धरत नाही. आधी डायमंड पॅड नाहीतर जाड पेपर मारून, ६०-८० नंबरपर्यंत (नंबर लहान तेवढा खरखरीत), त्याचं अंग उघडावं लागतं. जिन्यावर मोठं मशीन चालत नाही, सगळं हातमशीनने. कोपरे तर हातानेच. म्हणून 'दोन दिवसांत आत-बाहेर दोन्ही' म्हणणारा घासणारच नाही, एवढं नक्की समजा.

एपॉक्सी पातळ असतं, आपणहून सपाट पसरतं. फरशीवर हा त्याचा गुण आहे. जिन्यावर मात्र ते कडेवरून खाली ओघळतं. उभ्या भागावर थेंब लोंबतात आणि नेमक्या कडेवर, जिथं पाय सगळ्यात जास्त घासतो, तिथंच थर सगळ्यात पातळ राहतो. म्हणून उभ्या भागाला घट्ट केलेला माल वेगळा लावायचा असतो आणि कड दोनदा घ्यायची असते.

आता पूर्णाकाठ साहेबांना दोन प्रश्न. पिवळे डाग खालच्याच पायऱ्यांवर का आहेत, हे कुणी पाहिलं का? आणि चीर नेमकी कुठल्या पायऱ्यांना आहे?

पूर्णाकाठ
खालून पाचवी आणि सहावी. डागांचं कारण कुणी पाहिलं नाही. आम्हाला वाटलं पायताणांची माती असेल.

प्लिंथबीम
घिसाईवाले भाऊंनी बरोबर नस पकडली. मी सिव्हिलमध्ये आहे. आपल्याकडच्या त्या काळातल्या बहुतेक घरांत खालच्या चार-पाच पायऱ्या मुरुमाच्या भरावावर विटांनी भरीव बांधलेल्या असतात आणि तिथून पुढं आरसीसीचा तिरपा स्लॅब सुरू होतो. तुमच्या चिरा नेमक्या त्या सांध्यावर आहेत, असा माझा अंदाज आहे. परभणी म्हणजे काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. भराव तिच्यासोबत हलतो, स्लॅब हलत नाही. दोघांच्या मधल्या मार्बलला चीर जाते. वरून एपॉक्सीने बुजवली तर पुढच्या वर्षी तीच चीर कोटिंगमधून वर येईल.

पिवळे डागही त्याच कारणाने खालीच आहेत. भरावातून ओल वर चढते. पांढऱ्या मार्बलमध्ये थोडं लोह असतं, ते ओलीत गंजतं आणि दगड आतूनच पिवळा पडतो. अशा पायरीवर हवाबंद थर दिला की ओल बाहेर पडायचा रस्ता बंद. एकतर कोटिंग उचलेल, नाहीतर डाग आत वाढत जातील आणि वरून दिसत राहतील.

खात्री करायला सोपी चाचणी आहे. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, खरं तर ४५ बाय ४५ सेंटीमीटरचा घेतात, तुमच्या पायरीवर मावेल तेवढा चालेल. चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा, ऊन लागणार नाही अशा जागी. कमीत कमी १६ तास ठेवा. खाली थेंब जमले किंवा दगड गडद दिसला तर ओल आहे. खालच्या पायरीवर एक आणि वर दहाव्या-बाराव्या पायरीवर एक, असे दोन लावा.

मोंढा_रोड
चाचणी योग्य आहे, करावीच. पण इथं सूर 'एपॉक्सी वाईट' असा लागतोय तो पटत नाही. आमच्या दवाखान्यात साधा पॉलिश ठेवला असता तर आयोडीनच्या डागांनी जिन्याची रया गेली असती. जिथं डागांचा त्रास रोजचा आहे, जागा कोरडी आहे, ऊन नाही, तिथं कोटिंगच उपयोगी.

घिसाईवाला_नांदेड
मोंढा_रोड साहेब, दवाखान्याच्या बाबतीत तुमच्याशी पूर्ण सहमत. प्रत्येक जागेचं औषध वेगळं.

वेरूळवाट
थोडं अवांतर. मार्बलचा विषय निघाला की मला आमच्या छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा आठवतो. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ती कबर. लोक 'दख्खनचा ताज' म्हणतात, पण तिथं मार्बल सगळीकडे नाही. भिंतींना खालच्या पट्ट्यापर्यंत आणि वर घुमटाला मार्बल, मधला सगळा भाग काळ्या बेसॉल्टवर चुन्याचा गिलावा. मार्बल जयपूरकडच्या खाणींतून आणलेला. सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना मार्बलने लादलेल्या सुमारे तीनशे गाड्या पाहिल्याचं तावेर्निये या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवलंय, प्रत्येक गाडीला कमीत कमी बारा बैल.

मला त्या गिलाव्याचं फार अप्रूप वाटतं. चुना घोटून घोटून आणलेली ती चमक, आणि तरी भिंतीला श्वास घेता येतो. ओल आली तरी निघून जाते. वर प्लिंथबीम जे ओलीचं सांगतायत ते जुन्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं.

गंगाखेडी
बारा बैल! आणि आम्ही राजस्थानातून ट्रकनं आलेला मार्बल तिसऱ्या मजल्यावर चढवायला लिफ्ट मागू लालोत.

टाकी_आणि_पोहरा
लातूरहून. आमच्याकडचा वेगळाच त्रास सांगते. बोअरचं पाणी इतकं क्षारांचं की जिना धुतला की पांढरी वर्तुळं उमटतात. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या गावचे आम्ही, तेव्हापासून जे मिळेल त्या पाण्याने भागवायची सवय लागलीय. ती वर्तुळं काढायला कामवाल्या मावशींना कुणीतरी संडास धुवायचं अॅसिड वापरायला सांगितलं. मार्बलवर फेस आला, त्यांना वाटलं घाण निघतेय. वाळल्यावर पाहिलं तर पायरीवर निस्तेज, हाताला खरखरीत लागणारे पट्टे. असं झालेल्या पायरीवर काय करावं? कोटिंगने झाकता येतं का?

प्रयोगवही
ताई, तो फेस घाणीचा नव्हता. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. अॅसिड पडलं की कार्बन डायऑक्साइड निघतो आणि दगडच विरघळतो. लिंबू, चिंच, व्हिनेगर हेही तेच करतात, फक्त हळू. शहाबादी आणि कडप्पा हे चुनखडकच, त्यांच्यावरही अॅसिड नको. ग्रॅनाइटला यांचा फारसा त्रास नाही. घरातला दगड कुठला हे कळत नसेल तर कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून पाहा. बारीक बुडबुडे आले तर चुनखडीच्या जातीचा आहे.

कोटिंगने झाकता येईल, पण अॅसिड नीट धुतलं गेलं नसेल तर कोटिंग धरणार नाही. त्यापेक्षा पुन्हा घिसाई करणं चांगलं.

घिसाईवाला_नांदेड
सर म्हणतात ते बरोबर. ताई, खड्डे खोल नसतील तर २०० नंबरच्या पॅडपासून सुरू करायचं, मग ४००, ८००, १५००. अॅसिडचे पट्टे जातात. वर्तुळांसाठी मात्र रोजची सवय बदला. जिना धुऊन तसाच वाळू द्यायचा नाही, कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचा. पाणी वाळतं, क्षार दगडावर राहतात, ती वर्तुळं.

अंबाजोगाईची_लेक
हळदीच्या डागांवर काही उपाय? लग्नघर म्हटलं की हळद आलीच, पूर्णाकाठ यांनाही उपयोगी पडेल.

प्रयोगवही
हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. बाहेरच्या पायरीवर असेल तर उन्हाने आपोआप फिका पडतो. आत असेल तर खायचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा घट्ट लगदा करून डागावर थापा, वर प्लॅस्टिक झाका, दुसऱ्या दिवशी काढा. तेलाच्या डागाला पेरॉक्साइडऐवजी अॅसिटोन आणि टाल्कम पावडर, खिडक्या उघड्या ठेवून, जवळपास गॅस-दिवा नसताना.

चालता_बोलता
मी फिजिओथेरपिस्ट आहे. चमक, डाग, रसायन सगळं वाचलं. मूळ धाग्यात ७४ वर्षांच्या आई आहेत, त्यांच्याकडे परत येऊया.

म्हातारी माणसं जिन्यावर पडतात ती बहुतेक उतरताना. उतरताना पायाचा चवडा पायरीच्या कडेवर येतो. पांढऱ्यावर पांढरी पायरी, त्यात चमक, वरून बल्बचं प्रतिबिंब. मोतीबिंदूची सुरुवात असलेल्या डोळ्याला कड कुठं संपते तेच कळत नाही. तुम्ही त्याला काचेची चमक देणार म्हणजे हा त्रास वाढवणार. ओला पाय पडला तर घसरण वेगळीच.

त्यामुळं पॉलिश, सीलर (दगडात मुरून डाग अडवणारा द्रव), एपॉक्सी, काहीही निवडा, पण ह्या गोष्टी सोडू नका. प्रत्येक पायरीच्या कडेला गडद रंगाची खरखरीत पट्टी, चार-पाच सेंटीमीटर रुंद. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीच्या पुढं थोडा जाईल असा सलग कठडा, साधारण ९० सेंटीमीटर उंचीवर, मुठीत मावेल एवढा गोल. जिन्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे दिव्याचं बटण. आणि आईंच्या पायात जिना चढता-उतरताना सपाता नकोत. मागून पट्टा असलेली चप्पल. ह्यातलं बटण आणि चप्पल उद्याच होऊ शकतं, त्यासाठी डिसेंबरची वाट पाहू नका.

निळीशाई
+१. हा प्रतिसाद सगळ्यांनी घरी वाचून दाखवावा असा.

हातचा_मळ
मला स्वतःच्या हाताने करायचंय. ऑनलाइन किट मिळतं, व्हिडिओ पाहिलेत. १८ पायऱ्यांना किती माल लागेल?

प्रयोगवही
हिशेब सोपा आहे. पायरी साडेतीन फूट लांब, ११ इंच रुंद आणि साडेसहा इंच उंच धरली तर एका पायरीचं क्षेत्र साधारण ५ चौरस फूट. १८ पायऱ्यांचं ९२ चौरस फूट, म्हणजे साडेआठ चौरस मीटर. पाव मिलिमीटर जाडीचा एक हात द्यायचा तर एका लिटरमध्ये चार चौरस मीटर होतात. म्हणजे एका हाताला सव्वादोन लिटर, वाया जाणारं धरून अडीच.

पण अडीच लिटर एकदम कालवू नका. बादलीत जास्त माल एका जागी राहिला की तो स्वतःच्या उष्णतेने तापतो, धूर सोडतो आणि बादलीतच दगड होतो. तीन-चार पायऱ्यांपुरतंच कालवा आणि पसरट ट्रेमध्ये ओता. रेझिन-हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं, वजनाने की मापाने हेही पाहून. 'थोडं हार्डनर जास्त घालू म्हणजे लवकर वाळेल' असं इथं चालत नाही. जास्तीचं हार्डनर तसंच चिकट राहतं.

आणि हे कळकळीने सांगतो. नायट्राइलचे हातमोजे घाला. हातावर लागलं तर थिनरने पुसू नका, थिनर ते कातडीत आणखी आत नेतो. साबण-पाण्याने धुवा. एपॉक्सीची अॅलर्जी एकदा अंगात बसली की आयुष्यभर जात नाही. वर पॉलियुरेथेन मारणार असाल तर साधा कापडी मास्क पुरत नाही, रसायनांच्या वाफेसाठीचा फिल्टर असलेलाच लागतो.

हातचा_मळ
सर, मनापासून धन्यवाद. आधी एका जुन्या फरशीच्या तुकड्यावर करून बघतो.

पूर्णाकाठ
मंडळी, प्लॅस्टिकची चाचणी झाली. संध्याकाळी लावलं, दुसऱ्या दिवशी दुपारी काढलं. दुसऱ्या पायरीवरच्या प्लॅस्टिकला आतून सगळीकडे बारीक थेंब, मधोमध ते एकत्र होऊन ओघळलेले, आणि खालचा दगड चौकोनी गडद. बाराव्या पायरीवर ठणठणीत कोरडं. प्लिंथबीम, तुमचा अंदाज तंतोतंत. जिन्याच्या बाजूच्या भिंतीला लागून बाहेर कुंड्यांची रांग आहे, रोज पाणी घातलं जातं, तेही लक्षात आलं.

कोटिंगवाल्याला फोन करून वरचा हात कशाचा ते विचारलं. 'एपॉक्सीचाच, तीन हात' म्हणाला. ओलीचं सांगितलं तर म्हणाला प्रायमर मारला की ओल थांबते.

प्लिंथबीम
ओलीवर चालणारे खास प्रायमर असतात, पण ते ओल थांबवत नाहीत, दगडात कोंडून ठेवतात. तुमच्या डागांचं कारण तिथंच राहणार. आधी कुंड्या हलवा. बाहेरच्या बाजूला भिंतीपासून उतार काढून पाणी लांब न्या. एक हिवाळा कोरडा जाऊ द्या. पाचव्या-सहाव्या पायरीच्या मध्ये मार्बलला सरळ सांधा कापून त्यात लवचीक सीलंट (रबरासारखं भरण) भरा, म्हणजे हालचाल तिथंच होईल आणि वेडीवाकडी चीर पुन्हा पडणार नाही.

मोंढा_रोड
आता तुमचं चित्र स्पष्ट झाल्यावर मीही म्हणेन, खालच्या पायऱ्यांना कोटिंग नको. बाराव्यापासून वर करता येईल, पण अर्धा जिना एक आणि अर्धा दुसरा, हे दिसायला बरं नाही.

पूर्णाकाठ
घरी बसून ठरवलं. एपॉक्सी कुठेच नाही. आतला जिना घासून मॅट ठेवायचा, चमक नको. वर आत मुरणारा सीलर. कडेला गडद खरखरीत पट्टी. बाहेरच्या जिन्याला तर पॉलिशही नको, फक्त चरे आणि कठडा. दिव्याचं दुसरं बटण कालच बसवलं आणि आईसाठी पट्ट्याची चप्पल आणली. घिसाईवाले भाऊ, क्रम बरोबर आहे का? सीलर ओल्या पायऱ्यांवर चालेल का? आणि लग्नाच्या किती आधी काम संपायला हवं?

घिसाईवाला_नांदेड
क्रम बरोबर आहे. आतल्या जिन्याला ४०० नंबरवर थांबा, त्यापुढं गेलं की गुळगुळीत व्हायला लागतं. बाहेर प्रत्येक कडेच्या मागं कटरने तीन समांतर चरे मारून घ्या, तीनएक मिलिमीटर खोल. अगदी कडेवर मारू नका, मार्बलचा टवका उडतो. कडेपासून इंचभर मागं घ्या. चिकटवायच्या पट्ट्या बाहेर नकोत, उन्हाने कडा सुटतात आणि त्यातच पाय अडकतो. आतल्या पायऱ्यांना तुम्ही म्हणता ती गडद पट्टी करायची तर तेवढीच कड घासून दाण्यांची करून घ्या, पण वरच्या कोरड्या पायऱ्यांवर. खालच्या पाचांना सध्या चरेच मारा आणि चऱ्यांत गडद रंग भरा.

मुरणारा सीलर वाफ अडवत नाही, म्हणून खालीही चालतो, पण लावताना दगड वरून कोरडा पाहिजे. घिसाईचं पाणी वाळायला चांगले आठ-दहा दिवस द्या, खालच्या पायऱ्यांना त्याहून जास्त. सीलर लावला की दहा-पंधरा मिनिटांत जे मुरलं नाही ते कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. तसंच राहिलं तर चिकट होतं आणि धूळ धरतं. सीलरमुळं डाग मुरायला वेळ लागतो, लिंबू-चिंचेपासून मात्र तो वाचवत नाही, तेवढं स्वयंपाकाला येणाऱ्या मंडळींना सांगून ठेवा.

लग्न डिसेंबरात, तर घिसाई दिवाळी झाली की लगेच उरका. मांडवाचे लोक लोखंडी पाइप जिन्यावरून ओढत नेतात, त्या दिवशी पायऱ्यांवर पोती नाहीतर जुन्या सतरंज्या टाका आणि काम झालं की लगेच उचला, कारण सतरंजीवरून पाय जास्त घसरतो.

पूर्णाकाठ
लिहून घेतलं. कुंड्या आज संध्याकाळी हलवतोय. प्लिंथबीम, उतार फुटाला किती ठेवू?

प्लिंथबीम
फुटाला पाव इंच. भिंतीपासून निदान तीन फुटांपर्यंत.